पाणी किती विषारी, हे मोजतात कसं? एलसी५०, ९६ तास आणि आपली दमणगंगा



मासे मरून वर आले की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. आपला माणूस म्हणतो, "पाण्यात कोणीतरी विष सोडलंय." समोरचा म्हणतो, "आमचा पाण्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे." मग वाद होतो, दोन दिवसांत मासे कुजतात आणि विषय तिथंच संपतो. गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. ते कसं, हे कळायचं तर शास्त्रज्ञ पाण्याचं विष मोजतात कसं, हे आपल्याला माहीत हवं. म्हणून आजचा हा पाठ. थोडा लांब आहे, पण सावकाश वाचा आणि घरातल्या शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांनाही वाचायला द्या.

१. विष म्हणजे नक्की किती?

सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात पॅरासेल्सस नावाचा वैद्य होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक वस्तू विष होऊ शकते, फक्त मात्रा ठरवते. आपल्याला हे घरातूनच माहीत आहे. आमटीत चिमूटभर मीठ लागतं, मूठभर पडलं तर आमटी फेकावी लागते. मोरचुदातलं तांबं माशाच्या शरीराला अगदी कणभर लागतं, पण त्याहून थोडं जास्त झालं की तेच तांबं त्याचे कल्ले बिघडवतं.

म्हणून "पाण्यात केमिकल आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. पुरा प्रश्न असा: कोणतं, किती, किती वेळ आणि कोणत्या जिवाला?

"किती" हे मिलिग्रॅम प्रति लिटर या मापात लिहितात. घराच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते ना, तिच्यात एक ग्रॅम पदार्थ विरघळवला की झाला एक मिलिग्रॅम प्रति लिटर. मायक्रोग्रॅम त्याच्याही हजारावा भाग. म्हणजे तोच एक ग्रॅम अशा हजार टाक्यांत, दहा लाख लिटर पाण्यात. एवढ्याशाने काय होतं, असं वाटेल. पण सायपरमेथ्रिनसारखं फवारणीचं औषध माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅममध्येच मारू शकतं. ओढ्यात औषध ओतून मासे पकडणारा माणूस किती पाणी नासवतो, याचा हिशोब यावरून करा.

२. टबातली परीक्षा

आता मोजणी. समजा एका रसायनाची परीक्षा घ्यायची आहे. प्रयोगशाळेत सहा टब मांडतात. प्रत्येकात एकाच जातीची, एकाच आकाराची, निरोगी दहा बोटुकली सोडतात. पहिल्या टबात फक्त स्वच्छ पाणी. दुसऱ्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम रसायन, मग २, ४, ८ आणि १६. चार दिवस, म्हणजे ९६ तास, लक्ष ठेवतात आणि रोज मेलेले मासे मोजून बाजूला काढतात.

चार दिवसांनी समजा असा हिशोब लागला:

स्वच्छ पाणी: एकही मेला नाही
१ मिलिग्रॅम: एकही नाही
२ मिलिग्रॅम: १ मेला
४ मिलिग्रॅम: ५ मेले
८ मिलिग्रॅम: ९ मेले
१६ मिलिग्रॅम: सगळे १० मेले

ज्या मात्रेला निम्मे मासे मरतात, ती मात्रा म्हणजे एलसी५०. इथे ती ४ मिलिग्रॅम प्रति लिटर. ५० म्हणजे पन्नास टक्के. खऱ्या परीक्षेत आकडे इतके सरळ येत नाहीत, तेव्हा आलेख काढून निम्म्याचा बिंदू शोधतात. ही निम्म्याची कल्पना ट्रेव्हन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये औषधांच्या मोजणीसाठी मांडली. सगळ्यात नाजूक मासा लवकर मरतो, सगळ्यात चिवट मासा उशिरा. ही दोन टोकं दरवेळी बदलतात, मधला आकडा मात्र बराच स्थिर राहतो. म्हणून तो घेतात.

पहिला टब स्वच्छ पाण्याचा का? तिथेच मासे मरायला लागले तर दोष माशांत, टबात किंवा हाताळणीत आहे. स्वच्छ टबात शंभरात दहाहून जास्त मासे मेले तर आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे ती अख्खी परीक्षा रद्द धरतात. टबात प्राणवायूही कमी पडू देत नाहीत, नाहीतर मासा विषाने मेला की गुदमरून, हे कळणारच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

३. आकडा लहान, विष जहाल

इथे भलेभले फसतात. एका रसायनाचा एलसी५० आहे १०० आणि दुसऱ्याचा ०.१. जास्त वाईट कोणतं? दुसरं. एवढ्याशा मात्रेत ते निम्मे मासे मारतं. कोणी मोठा आकडा दाखवून घाबरवलं किंवा लहान आकडा दाखवून "काही नाही हो, अगदी थोडं आहे" म्हटलं, तर हा आकडा एलसी५० चा आहे की पाण्यात सापडलेल्या रसायनाचा, हे आधी विचारा. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. पाण्यातला आकडा एलसी५० च्या जवळ जायला लागला की धोका.

आणि एलसी५० म्हणजे सुरक्षित मर्यादा अजिबात नव्हे. निम्मा माल मेला ती रेषा आहे ती! म्हणून कमी दिवसांची परीक्षा एवढाच आधार असेल, तर शास्त्रज्ञ सगळ्यात नाजूक जिवाचा आकडा घेऊन त्याला हजाराने भागण्याची रीत पाळतात. नदीत जाती अनेक, अंडी-पिल्लं नाजूक आणि मुक्काम चार दिवसांचा नसून जन्मभराचा, म्हणून एवढं अंतर.

४. एकटा मासा पुरत नाही

माशाला काही झालं नाही, पण त्याचं खाणंच मेलं तर? म्हणून तीन पायऱ्यांवर परीक्षा घेतात. खाली शेवाळ: ७२ तासांत त्याची वाढ किती खुंटली ते बघतात. मध्ये पाणपिसू, डोळ्याला जेमतेम दिसणारा उड्या मारणारा जीव: ४८ तासांत किती पिसवांची हालचाल थांबली ते मोजतात. वर मासा: ९६ तास. कीटकनाशक पाण्यात आलं की माशाच्या आधी बहुतेक वेळा पाणपिसू आणि कोलंबी मरतात, कारण ते कीटकांचे जवळचे नातेवाईक.

जगभरच्या प्रयोगशाळांत या कामासाठी वापरला जाणारा एक मासा आपल्या देशाचा आहे. अंगावर निळे आडवे पट्टे असलेला, बोटाच्या पेराएवढा झेब्राफिश. भारतातल्या ओढ्यांत, भातखाचरांत तो आपोआप वाढतो. सांडपाण्याच्या परीक्षेसाठी भारतीय मानकातही त्याची पद्धत दिलेली आहे: सांडपाण्यात किती पट स्वच्छ पाणी मिसळलं म्हणजे हा मासा जगतो, ते बघतात.

५. कायद्यातले ९६ तास

पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मध्ये सांडपाणी सोडण्याचे सर्वसाधारण निकष आहेत. त्यात पीएच ५.५ ते ९, नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमपर्यंत, सीओडी २५० पर्यंत, पारा ०.०१ पर्यंत अशी यादी आहे. याच यादीत एक ओळ माशांची आहे: शंभर टक्के सांडपाण्यात, म्हणजे थेंबभरही स्वच्छ पाणी न मिसळता, ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. दहा सोडले तर नऊ जगायला हवेत.

आपल्या दृष्टीने ही ओळ मोलाची आहे. बाकीचे निकष एकेका रसायनाचे आहेत. यादीत नसलेलं रसायन पाण्यात असेल तर ते सुटून जातं. पण मासा यादी बघत नाही, पाण्यात असलेलं सगळं एकदम अंगावर घेतो.

आता या परीक्षेच्या मर्यादाही बघा. पहिली, ती नमुना घेतला त्या वेळेची आहे. दुपारी अकराचा नमुना पास झाला म्हणून रात्री दोनचं पाणीही पास, असं होत नाही. दुसरी, ती एका नळाची आहे. दहा नळ वेगवेगळे पास झाले तरी दहांचं पाणी एकत्र आल्यावर काय होतं, ते या परीक्षेत दिसत नाही. तिसरी, ती चार दिवसांची आहे.

दमणगंगा नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावते, मधुबन धरणात थांबते, मग सिल्वासा आणि वापीजवळून जाऊन दमणला समुद्राला मिळते. वरच्या अंगाला दुधनी-खानवेलकडे शेतं आणि जंगल, खालच्या अंगाला कारखाने. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात वापीला ८८.०९ गुण होते, देशात अंकलेश्वरच्या खालोखाल दुसरा नंबर. मंडळाच्या २०१८ च्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीतही दमणगंगा आहे. अशा नदीत एका नळाचा एका दिवसाचा रिपोर्ट हातात घेऊन नदीची तब्येत सांगता येत नाही.

६. न मारता बिघडवणारं विष

मासा मेला नाही म्हणजे पाणी चांगलं, हा समज सोडून द्या. थोड्या मात्रेत मासा जगतो, पण खात नाही, वाढत नाही, अंडी कमी टाकतो किंवा अंड्यातून पिल्लू वाकडं निघतं. यासाठी आठवडे, महिने चालणाऱ्या परीक्षा असतात. अंड्यापासून सुरुवात करतात आणि ज्या मात्रेपर्यंत कसलाच फरक दिसत नाही ती मात्रा शोधतात. ही मात्रा एलसी५० पेक्षा कितीतरी खाली येऊ शकते. जाळ्यात वर्षागणिक माल कमी येतो आणि मेलेले मासे कुठे दिसत नाहीत, तेव्हा इतर कारणांसोबत हे कारणही तपासायला हवं.

दुसरा प्रकार साठणाऱ्या विषाचा. पारा शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात जातो आणि प्रत्येक पायरीला वाढत जातो. मासा चांगला धष्टपुष्ट दिसतो. भोगतो तो खाणारा.

जपानमधलं मिनामाता हे आपल्यासारखंच मच्छीमारांचं गाव. १९५६ मध्ये तिथे विचित्र आजार उघडकीला आला. हातपाय थरथरणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं. त्याआधीपासून गावातली मांजरं वेडीवाकडी नाचून मरत होती. मांजरं आणि माणसं, दोघांचं खाणं एकच: खाडीतले मासे. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून मिथिल पारा खाडीत जात होता. कंपनीच्याच दवाखान्यातले डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी खाण्यात मिसळून मांजरांना दिलं. १९५९ च्या ऑक्टोबरात ४०० नंबरच्या मांजराला तोच आजार झाला. परीक्षा झाली होती, उत्तर मिळालं होतं. कंपनीने ते दाबून ठेवलं. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं १९६८ मध्ये. तोपर्यंत मच्छीमारांची मुलं आईच्या पोटातूनच आजार घेऊन जन्मली. विष मोजणं आणि मोजलेलं लोकांपर्यंत पोचणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम लोकांनी मागे लागल्याशिवाय होत नाही.

७. टबातलं पाणी आणि नदीतलं पाणी

तीच मात्रा एका पाण्यात मारते, दुसऱ्यात मारत नाही. अमोनियाचं उदाहरण घ्या. पाण्याचा पीएच ७ वरून ८ झाला तर त्यातल्या जहाल अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. पाणी तापलं की आणखी वाढतो. मऊ पाण्यात तांबं, जस्त जास्त लागतं, जड पाण्यात कमी. उन्हाळ्यात नदीला पाणी कमी, म्हणजे मिसळून पातळ व्हायला जागा कमी. पहिल्या पावसात रस्त्यावरचं, शेतातलं, नाल्यात साठलेलं सगळं एकदम उतरतं. म्हणून मे-जून हे दोन महिने आपण डोळ्यांत तेल घालून राहायचं.

आता सुरुवातीच्या दोन वाक्यांकडे येऊ. मे २०२४ मध्ये केरळात पेरियार नदीच्या एलूर-एडयार औद्योगिक पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर मासे मेले, पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. तिथल्या प्रदूषण मंडळाने सांगितलं, बंधाऱ्याचे दरवाजे उघडल्यावर पाण्यातला प्राणवायू घटला. मत्स्यविद्यापीठाच्या तपासणीत अमोनिया आणि सल्फाइड जास्त सापडले. मच्छीमार म्हणाले, कारखान्यांचं पाणी. वाद महिनोन् महिने चालला. अशा वादात ज्याच्याकडे पहिल्या काही तासांचा पुरावा असतो, त्याचं ऐकलं जातं.

८. मासे मेले तर: गुदमरले की विष?

प्राणवायू कमी पडला असेल तर:
▪ मासे बहुतेक पहाटे मरतात.
▪ आधी वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसतात.
▪ मोठे मासे आधी जातात.
▪ हवेत श्वास घेणारे मरळ, मागूर बहुधा वाचतात.

विष असेल तर:
▪ दिवसाच्या कोणत्याही वेळी मरतात.
▪ लहान मासे आधी जातात, मग सगळ्या जाती.
▪ गोल फिरतात, झटके देतात, किनाऱ्यावर उडी घेतात.
▪ मरळ, खेकडे, कोलंबी, पाण्यातले किडेही मरतात.

हे ढोबळ आहे. नाल्याच्या घाणीनेही प्राणवायू संपतो, तेव्हा गुदमरले म्हणजे कोणाचा दोष नाही, असं मानू नका.

लगेच करायची कामं:

१) वेळ, जागा, कोणत्या जातीचे, केवढे मासे, हे वहीत लिहा. मोबाइलवर फोटो-व्हिडिओ काढा, लोकेशन चालू ठेवून.

२) दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव प्रदूषण नियंत्रण समितीला आणि मत्स्यव्यवसाय खात्याला त्याच वेळी कळवा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. जल कायदा, १९७४ प्रमाणे कोर्टात चालणारा सांडपाण्याचा नमुना अधिकाऱ्याने ठरलेल्या पद्धतीने, दोन भाग करून, सील लावून घ्यावा लागतो. आपल्या बाटलीला ते वजन नाही, पण अधिकारी पोचेपर्यंत पाणी वाहून गेलेलं असतं, म्हणून आपलीही बाटली हवी.

३) नमुने तीन ठिकाणचे घ्या: मासे मेले तिथला, त्याच्या वरच्या अंगाचा, खालच्या अंगाचा. वरचा नमुना म्हणजे आपला स्वच्छ टब, तो नसेल तर तुलना कशाशी करणार? नवी स्वच्छ बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरून पाण्याखालीच झाकण लावा. औषधाचा संशय असेल तर काचेची बाटली, आणि ती न विसळता भरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

४) कुजलेला मासा उपयोगाचा नाही. तडफडणारा किंवा नुकताच मेलेला मासा वेगळ्या पिशवीत बर्फात ठेवा.

५) मेलेले मासे खाऊ नका, विकू नका, सुकवायला घालू नका. कोंबड्या-डुकरांनाही घालू नका. एका दिवसाच्या पैशापायी बाजारात आपल्या सगळ्यांच्या मालावर शंका येईल.

९. रिपोर्ट हातात आला की पाच प्रश्न

१) नमुना कुठला, कोणत्या तारखेचा, किती वाजताचा?
२) माशांची ९६ तासांची परीक्षा केली का, की फक्त पीएच, बीओडी, सीओडी?
३) केली असेल तर मासा कोणता, किती सोडले, किती जगले, स्वच्छ टबातले किती जगले?
४) प्राणवायू किती होता? मासे वाढण्यासाठीच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय मंडळाचा निकष आहे.
५) जड धातू आणि कीटकनाशकं तपासली का? माशाच्या मांसात तपासली का?

एखाद्या खान्यात "नॉट डिटेक्टेड" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "नाही" असा घेऊ नका. यंत्राला दिसेल एवढं नव्हतं, इतकाच त्याचा अर्थ. यंत्राला किती बारीक दिसतं, तेही विचारा.

हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रिपोर्ट देणाऱ्याशी भांडायची गरज नाही, शांतपणे एकेक विचारा. "नॉर्मल" हा शब्द पुरेसा नाही, हे समोरच्याला आपोआप कळेल.

प्रत्येक होडीवर दोन स्वच्छ बाटल्या आणि एक वही ठेवावी, अशी सोसायटीतर्फे विनंती आहे. काही समजलं नसेल तर खाली विचारा किंवा ऑफिसला या, बसून बोलू. पोस्ट आपल्या गावाच्या ग्रुपवर पाठवा, दमणच्या बाजूच्या नातेवाइकांनाही पाठवा. नदी शेवटी तिकडेच जाते.

आपला,
सचिव